शस्त्रव्यापाराविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय निदर्शनांत गोव्यातून सहभागी कसे व्हावे?

साळकाठ, मडगाव

नमस्कार. दर विषम वर्षी सप्टेंबरात लंडनच्या एक्सेल केंद्रात डीएसईआय हे शस्त्रास्त्रांचे मोठे प्रदर्शन भरते आणि त्याच्या दारात निदर्शने होतात. त्याच दिवशी इतर देशांतही, म्हणजे गोव्यातही, निदर्शने व्हावीत असा प्रस्ताव आमच्या लहानशा गटापुढे आला आहे आणि तो मला मनापासून पटतो. २०२० ते २०२४ या काळात जगाच्या एकूण शस्त्रआयातीत भारताचा वाटा ८.३ टक्के होता आणि फक्त युक्रेन आपल्या पुढे होता, असे स्टॉकहोमच्या सिप्री या शांतता-संशोधन संस्थेची आकडेवारी सांगते. दुसरीकडे २०२४-२५ मध्ये आपली संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. म्हणजे आपण घेणारेही आहोत आणि विकणारेही.

परंतु लंडनच्या प्रदर्शनाचे फलक घेऊन लोहिया मैदानावर उभे राहिलो, तर मासळी बाजारातून घरी निघालेल्या माणसाने आमच्यापाशी का थांबावे? वास्कोच्या शिपयार्डच्या फाटकावर जावे, असे काहींचे म्हणणे आहे. परदेशी मित्रही यायला तयार आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सड्यावरचा, केपे

२०१६ च्या मार्चअखेरीस डिफेक्स्पो हे केंद्र सरकारचे शस्त्रप्रदर्शन प्रथमच दिल्लीबाहेर भरले, ते आमच्या नाकेरी-किटलच्या सड्यावर, म्हणजे पठारावर. त्याला येथे जो विरोध झाला तो मुख्यतः जमिनीसाठी होता. चार दिवसांच्या मांडवाच्या निमित्ताने घेतलेला सडा कायमचा हातचा जाईल, ही धास्ती गावकऱ्यांना ग्रामसभेपर्यंत घेऊन आली. आत मांडलेली शस्त्रे कोणाच्या अंगणात जाऊन पडणार आहेत, हा विषय आमच्या बैठकांत क्वचितच निघाला.

पुढे ते प्रदर्शन २०१८ मध्ये चेन्नईजवळ, २०२० मध्ये लखनऊला आणि २०२२ मध्ये गांधीनगरला गेले. आपण लंडनशी नाते जोडता आहात ते चांगलेच आहे, पण ज्या ज्या गावांच्या उंबरठ्यावर हा बाजार येऊन गेला त्यांची एकमेकांशी ओळख करून देणे हे मला अधिक निकडीचे वाटते. जमिनीसाठी आलेला माणूस शस्त्रांच्या प्रश्नावरही ऐकून घेतो. मात्र त्याच्या जमिनीचे बोलणे आधी ऐकले पाहिजे.

गोदीवाला, वास्को

मी मुरगाव बंदरातून निवृत्त झालो आहे. शिपयार्डच्या फाटकाविषयी आधी सांगतो, कारण तेथे जाण्याने आपले काम बिघडेल असे मला वाटते. पाळी सुटते तेव्हा बाहेर पडणारा फिटर किंवा वेल्डर शस्त्रव्यापाराचे धोरण ठरवत नाही. तेथे आपल्या नौदलासाठी व तटरक्षक दलासाठी गस्ती जहाजे बांधली जातात, श्रीलंका आणि मॉरिशससाठीही बांधली गेली आहेत, आणि मुरगाव तालुक्यातील कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. त्याच्या तोंडावर घोषणा दिल्या तर तो कायमचा दुरावेल, आणि नेमका तोच माणूस आपल्याला हवा आहे.

कारण जगात हा व्यापार जेथे प्रत्यक्ष अडला, तेथे तो बहुधा कामगारांच्या हातून अडला. २००८ च्या एप्रिलमध्ये ‘आन युए जियांग’ हे चिनी जहाज झिंबाब्वेसाठी सुमारे ७७ टन शस्त्रे घेऊन दरबानला आले, तेव्हा तेथील गोदी कामगारांच्या संघटनेने माल उतरवण्यास नकार दिला. काही लोक न्यायालयात गेले, आणि ती शस्त्रे दरबानला उतरली नाहीत. २०१९ च्या मे महिन्यात ‘बहरी यान्बू’ या सौदी जहाजाला फ्रान्समधील ल आव्र बंदरातून ठरलेली शस्त्रे न घेताच निघावे लागले आणि पुढे जिनोआच्या कामगारांनी त्यावर जनित्रे चढवण्यास नकार दिला, कारण ती सौदी नॅशनल गार्डसाठी होती आणि येमेनमधील युद्धाशी त्या जनित्रांचा संबंध कामगारांना दिसत होता. आपल्याकडेही २०२४ च्या फेब्रुवारीत भारतातील जलवाहतूक कामगारांच्या महासंघाने इस्रायलला जाणारा शस्त्रांचा माल आम्ही हाताळणार नाही, असे जाहीर केले. ११ प्रमुख बंदरांतील कामगार त्या महासंघात आहेत.

यातील व्यवहार नीट समजून घ्या. स्फोटक मालाच्या कंटेनरवर चौकोनी, टोकावर उभी केलेली नारिंगी पाटी असते आणि तिच्या खालच्या टोकाशी १ हा आकडा असतो. ती क्रेनवाल्याला दुरूनही दिसते. जनित्रावर किंवा विमानाच्या सुट्या भागांवर मात्र अशी पाटी नसते, तेथे मॅनिफेस्टच, म्हणजे जहाजावरील मालाची यादीच, वाचावा लागतो, आणि तो कारकुनाच्या टेबलावर असतो. जहाज कोठे आहे हे आज कोणालाही संगणकावर पाहता येते. म्हणून एका बंदरातील माणसाने पुढच्या बंदरातील माणसाला वेळेवर कळवणे, यालाच मी आंतरराष्ट्रीय निदर्शन म्हणेन. मुरगावला मुख्यतः कोळसा आणि खनिज हाताळले जाते. तरी येथील कामगार संघटनांशी आधी बसून बोला.

वकील, फोंडा

परदेशी मित्रांना निदर्शनात उभे करू नका. पर्यटक व्हिसावर आलेल्या एका नॉर्वेजियन महिलेला २०१९ मध्ये केरळमधील मोर्चात सहभागी झाल्याबद्दल देश सोडावा लागला होता. विदेशी देणगीच्या २०१० च्या कायद्यामुळे बाहेरून पैसेही घेऊ नका. फलक आणि ध्वनिक्षेपक आपल्याच वर्गणीतून होऊ द्या. मैदानाची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी आधी लेखी घ्या.

मागणी नेमकी हवी. २ एप्रिल २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांत शस्त्रव्यापार करार संमत झाला तेव्हा भारत तटस्थ राहिला. इस्रायलला होणारी निर्यात थांबवावी ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या सप्टेंबरात फेटाळली, कारण परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत आहे. न्यायालयाचे दार असे बंद झाल्यावर संसद उरते. गोव्याचे लोकसभेत दोन खासदार आहेत. कोणत्या देशाला, कोणत्या प्रकारच्या शस्त्रांचे किती परवाने दिले, हे दरवर्षी जाहीर करावे, असा प्रश्न त्यांनी सभागृहात विचारावा एवढी मागणी घेऊन जा. तिला देशद्रोह म्हणणे कठीण आहे आणि टाळणेही कठीण आहे.

साळकाठ, मडगाव

आपणा सर्वांचे आभार. शिपयार्डचा बेत आम्ही सोडला आहे. गोदीवाला बाब, आपण कामगारांसमवेत बैठकीला याल का? खासदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा वकील साहेबांनी पाहून द्यावा, ही विनंती.

सड्यावरचा, केपे

एक तारखेची गोष्ट राहिली. सप्टेंबरात चवथ (गणेशचतुर्थी) असते किंवा नुकतीच झालेली असते, वर पाऊस. गावातून कोणी येणार नाही. लष्करी खर्चाविरुद्धचे जागतिक कृतिदिन २०११ पासून दर वर्षी एप्रिलच्या सुमारास पाळले जातात, आणि जगाच्या लष्करी खर्चाचे सिप्रीचे नवे आकडेही त्याच सुमारास येतात. तेव्हा ठेवलेत तर नाकेरी आणि बेतूलची माणसे आणण्याचे मी पाहतो.