ठिबकला ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकदमच सोडली तर?

द्राक्षबाग_तासगाव: बोअरचं पाणी जड. ड्रिपरच्या तोंडावर पांढरा थर आणि लॅटरलच्या (ड्रिपर बसवलेल्या नळीच्या) शेवटाला बुळबुळीत शेवाळ धरलंय. २०० लिटरच्या ड्रममध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कालवून व्हेंच्युरीतून (ड्रममधलं द्रावण पाइपात ओढून घेणाऱ्या जोडणीतून) एकदाच सोडलं तर चालेल का? लाईट रात्रीचीच असते, दोन फेऱ्या नको वाटतात. ड्रम पंपाच्या खोलीत आहे.

रसायन_मिरज: अजिबात नको! ब्लिचिंग पावडरीत हायपोक्लोराइट असतं, त्यावर ॲसिड पडताक्षणी क्लोरीन वायू सुटतो. हवेपेक्षा तो जवळपास अडीचपट जड, त्यामुळे बंद खोलीत जमिनीलगत साचतो आणि वाकून ढवळणाऱ्याच्या छातीत जातो. वास आलाच तर ड्रम उचलायला थांबू नका. वाऱ्याच्या उलट दिशेला, उंचावर जा आणि १०८ ला फोन करा. तोंडावर ओला रुमाल बांधून काही होत नाही.

ठिबक_पलूस: दोन कामं, दोन दिवस: पांढऱ्या थराला ॲसिड, शेवाळाला क्लोरीन.

आधी ॲसिड. बादलीत १० लिटर बोअरचं पाणी घ्या, मोजून थोडं थोडं ॲसिड टाकत पीएच (आम्लतेचा आकडा) ४ वर आणा. ३० मिली लागलं तर १००० लिटरला ३ लिटर. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. हातमोजे, चष्मा हवाच. शेवटच्या ड्रिपरला पीएच ४ दिसला की पंप बंद करून रात्रभर तसंच ठेवा. सकाळी एन्ड कॅप (लॅटरलच्या टोकाचं झाकण) काढून लाइन धुवा, पीएच मूळ पाण्याइतका येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी क्लोरीन. ब्लिचिंग पावडरीतला चुना विरघळत नाही, उलट ड्रिपरच तुंबवतो. १० टक्के सोडियम हायपोक्लोराइट घ्या. सेक्शनला (एका वेळी भिजणाऱ्या भागाला) तासाला २०,००० लिटर पाणी जात असेल तर २० पीपीएमसाठी (दहा लाख भाग पाण्यात २० भाग क्लोरीन) तासाला ४ लिटर, म्हणजे अर्ध्या तासाला २ लिटर. उन्हात राहिलेला कॅन घेऊ नका, त्याचा जोर उतरलेला असतो.

द्राक्षबाग_तासगाव: ड्रमच्या तळाला कॅल्शियम नायट्रेट उरलंय. तोच वापरू?

रसायन_मिरज: खताच्या कॅल्शियम नायट्रेटमध्ये थोडा अमोनियम असतो. युरिया, अमोनियम सल्फेटमध्ये तर धोका जास्तच. हायपोक्लोराइटबरोबर त्यांच्यापासून क्लोरामाइनसारखे घातक वायू तयार होतात. क्लोरीनला वेगळा ड्रम, वेगळा मग ठेवा आणि व्हेंच्युरीची नळीही साध्या पाण्याने धुवा. ड्रम खोलीबाहेर काढा, हे दोन्ही दिवशी.