सी लँग्वेज मधी व्हीए_लिस्ट दुसऱ्यांदा वापरली की कचरा यायलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, लातूरच्या एका आडतीसाठी वजनकाट्याचं छोटं सॉफ्टवेअर लिहायलोय, सी मधीच, अन् लॉगसाठी प्रिंटएफसारखं आपलं स्वतःचं फंक्शन केलंय, तीन टिंबंवालं, म्हणजे कितीबी आर्ग्युमेंट घेणारं. एकच व्हीए_लिस्ट (त्या आर्ग्युमेंटची यादी) आधी स्क्रीनसाठी व्हीप्रिंटएफला देतो अन् मग तीच फाईलसाठी व्हीएफप्रिंटएफला, तर स्क्रीनवर सोयाबीनचं वजन ४९.५० बरोबर दिसतंय अन् फाईलीत भलतंच काहीतरी! जुन्या ३२ बिट मशीनवर हाच कोड गुमान चालायचा, ६४ बिटवर बोंबललं. एकदा वापरलेली लिस्ट परत चालत नाही, सी९९ (सी चं १९९९ चं स्टँडर्ड) मधलं व्हीए_कॉपी घेऊन लिस्टची नक्कल करायची असं वाचलं, मग लिस्ट बंद करणारं व्हीए_एंड मूळ अन् नक्कल दोन्हीला लावायचं ना?

दुसरं, फ्लोट (दशांश संख्या) पाठवला की तो डबल (जास्त अचूक दशांश) होऊनच जातो हे कळलं, पण पर्सेंट-डी (पूर्णांकाची खूण) च्या जागी डबल गेला तर जीसीसी कंपायलर साध्या प्रिंटएफला वॉर्निंग देतंय, माझ्या फंक्शनला ब्र काढत नाही राव. फॉरमॅट ॲट्रिब्यूट (माझं फंक्शनबी प्रिंटएफसारखं तपास असं कंपायलरला सांगणारी खूण) लावा म्हणतात. माझ्यात पहिलं आर्ग्युमेंट लेव्हल, दुसरं फॉरमॅट, मग त्यात २ अन् ३ टाकायचे का? अन् मालकाला सगळं व्हिज्युअल स्टुडिओवर पाहिजे, तिथं ते ॲट्रिब्यूट चालतच नाही, तिथं काय करता तुम्ही लोक?