घरपट्टीचं जुनं सॉफ्टवेअर बदलायचंय, काय घ्यावं?

करविभाग_लिपिक: आमची क वर्ग नगरपरिषद, साधारण ११ हजार मालमत्ता. घरपट्टीचा सगळा हिशोब फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीतल्या प्रोग्रामवर, तोही एकाच संगणकात. नावं जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये, युनिकोडमध्ये नाहीत. प्रोग्राम लिहिणारे गृहस्थ आता काम करत नाहीत. पुढच्या वर्षी चतुर्वार्षिक आकारणी (दर चार वर्षांनी होणारी कराची फेरआकारणी) येतेय. हाती ४ लाख, त्यापुढे काही मिळणार नाही.

सह्याद्री_७१: सरळ क्लाउडवर जा. आमच्याकडे १८ लाखांत ड्रोन मोजणीसकट सगळं झालं. वाढीव बांधकामं इतकी सापडली की खर्च वसूल! लोक घरबसल्या यूपीआयने भरतात. ४ लाखांत काही होत नसतं, मुख्याधिकाऱ्यांना स्पष्ट सांगा.

ग्रामसेवक_मराठवाडा: आमचा नमुना ८ (कर आकारणीची नोंदवही) आणि ९ (कर मागणीची) ऑनलाइन आहे, शासनाच्याच प्रणालीत. पैसे कशाला घालवता?

माजी_लेखापाल: भाऊ, नमुना ८ ग्रामपंचायतीचा. नगरपरिषदेला १९६५ चा अधिनियम लागतो, तिथली आकारणी यादी आणि हरकतींची पद्धत वेगळी.
लिपिकसाहेब, सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, पण थकबाकी वर्षनिहाय आणि शीर्षनिहाय (प्रत्येक कर वेगळा) आहे का ते आधी बघा. जुन्या प्रोग्राममध्ये बहुधा ‘मागील बाकी’ असा एकच आकडा असतो. त्यात शिक्षण कर किती, रोजगार हमीचा (रोहयो) कर किती हे कळलं नाही तर शासनाकडे भरायची रक्कम कशी काढणार? वर महिना २ टक्के शास्ती, म्हणजे उशिराचा दंड. मुद्दल आणि शास्ती एकत्र नव्यात गेली की शास्तीवर शास्ती चढते. एका गावात पहिली बिलं अशीच निघाली, काउंटरवर रोज भांडणं.

कोडवाला_नाशिक: डिजिट ही नगरपालिकांसाठीची प्रणाली बघा. मुक्त स्रोत आहे, मालमत्ता कराचं मॉड्यूल तयार आहे, परवान्याला पैसे नाहीत.

करविभाग_लिपिक: चालवणार कोण? आमचा संगणक अभियंता दोन नगरपरिषदा सांभाळतो.

कोडवाला_नाशिक: हो, सर्व्हर आणि जाणकार माणूस लागतो, एकट्या क वर्गाला जड जाईल. पण फॉक्सप्रोवर राहू नका, मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्येच हात काढून घेतला. आणि फॉन्ट बदलताना नुसत्या कन्व्हर्टरवर विसंबू नका. रफार, जोडाक्षरं तुटतात. कुऱ्हाडे, वऱ्हाडे, दुर्गे अशी नावं डोळ्यांनी तपासा.

घरपट्टी_भरणारा: नव्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्या घरावर वडिलांऐवजी काकांचं नाव आलं. आता काका म्हणतात घर माझं.

माजी_लेखापाल: कराच्या नोंदीने मालकी ठरत नाही. खरेदीखत आणि मिळकतपत्रिका बघा.

घरपट्टी_भरणारा: कायद्यात ठीक आहे हो. पण जिथे जावं तिथे कर पावतीच मागतात.

विदर्भ_ताई: करारात लिहून घ्या: डेटाबेसची पूर्ण प्रत, रचना आणि पासवर्डसह, मागाल तेव्हा नगरपरिषदेला. आम्ही ठेकेदार बदलला तर जुन्याने फक्त पीडीएफ दिल्या, सगळं पुन्हा टाइप केलं. जुना मालमत्ता क्रमांकही वेगळ्या रकान्यात ठेवा, नाहीतर लोकांकडच्या जुन्या पावत्या जुळत नाहीत.

सह्याद्री_७१: पुन्हा सांगतो, क्लाउड घ्या. आणि थकबाकी आधी नीट करा.

करविभाग_लिपिक: सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते वेगळंच. गावातल्या एका अभियंता मुलीकडून साधा प्रोग्राम लिहून घेतोय. १ एप्रिलपासूनची चालू मागणी आणि पावत्या नव्यात, जुनी थकबाकी फॉक्सप्रोतच. ताईंची अट आणि जुना क्रमांक करारात घातला. संगणकाची प्रत आज दोन हार्डडिस्कवर घेतली.

माजी_लेखापाल: असं करू नका. दोन ठिकाणी बाकी ठेवली की लोक चालू कर भरून निघून जातील, जुनं तसंच राहील.

करविभाग_लिपिक: काउंटर एकच ठेवतोय. जुन्या बाकीची पावती झाल्याशिवाय चालूची फाडायची नाही. साहेब, थकबाकी फोडायची तुमची सूचना पटली म्हणूनच हे केलं. ऐन मार्चच्या वसुलीत ते काम घाईत उरकलं तर चुका होतील. पावसाळ्यात प्रभागवार बसून करू.

माजी_लेखापाल: मग आकारणीच्या हरकती सुरू होण्याआधी संपवा. त्या लागल्या की कुणाला वेळ मिळणार नाही.