आना ब्लांदियाना 'सोयीची बंडखोर'?

कोरडवाहू: परवा इथे रोमानियन कवयित्री ब्लांदियानाबद्दल कुणीतरी लिहिलं, 'ही सोयीची बंडखोर. चेक नाटककार हावेल सत्तेविरुद्ध बोलून तुरुंगात होता तेव्हा हिला १९८२ चा युरोपातला मानाचा हेर्डर पुरस्कार मिळत होता.' दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. १९५९ साली, सतराव्या वर्षी, क्लूज शहरातल्या 'त्रिबुना' नियतकालिकात तिची कविता आली आणि लगेच बंदी! का, तर बाप राजकीय कैदी. ते धर्मगुरू. १९६४ मध्ये सुटले आणि थोड्याच दिवसांत अपघातात गेले. ओतिलिया कोमान हे खरं नाव टाकून तिने आईच्या गावाचं नाव घेतलं. यात सोय कुठली?

तिरफळ: लिहिणारा मीच. भोगलं वडिलांनी. ही वीस वर्षं छापून येत होती, ते बोला.

कोरडवाहू: १९८४ चा 'आम्फितेआत्रू' मासिकाचा अंक विसरलात? त्यातल्या 'सगळं' या कवितेत नुसती यादी आहे. आगपेट्या, ट्रॅम, पिठाच्या रांगा. लोकांनी हाताने उतरवून वाटली ती.

तिरफळ: यादीला कविता म्हणायचं असेल तर वाण्याकडची चिठ्ठीही कविताच. त्यात आपण वाचणार इंग्रजीतून.

मावळतं_ऊन: चिठ्ठी?? माझं लहानपण रॉकेलच्या रांगेत गेलंय. आई डबा ठेवून नंबर लावायची आणि मला राखणीला बसवायची. दुपारी दुकानदार म्हणायचा, संपलं. ती यादी वाचताना पोटात कालवलं माझ्या. सत्ता म्हणत होती, लोकांना सगळं दिलं. बाईने ते 'सगळं' मोजून दाखवलं.

तिरफळ: रांगेत मीही उभा होतो, साखरेच्या. तुमच्या आठवणीने कविता मोठी होत नाही.

मावळतं_ऊन: माझ्या आईबद्दल जपून बोला.

कोरडवाहू: भांडू नका. १९८८ मध्ये मुलांच्या पुस्तकात तिने अर्पाजिक नावाचा बोका आणला. लोक भाकरी-मीठ घेऊन त्याच्या स्वागताला! त्यात हुकूमशहा चाउशेस्कू सगळ्यांनी ओळखला. पुस्तक मागे घेतलं, तिच्यावर पुन्हा बंदी. १९८९ च्या क्रांतीत चाउशेस्कू गेल्यावर तिला नव्या सत्तेच्या परिषदेत घेतलं, तर जानेवारी १९९० मध्येच बाहेर पडली. पुढे नवऱ्याबरोबर सिगेतच्या, राजकीय कैदी ठेवायच्या तुरुंगाचं स्मारक केलं. हातात आलेली खुर्ची सोडणारे कवी किती दाखवता?

तिरफळ: राजीनाम्याचं माहीत नव्हतं. 'सोयीची' मागे घेतो. उशिरा बोलली, हे मात्र म्हणणारच. आणि यादी ती यादीच.

मावळतं_ऊन: पहाटे चारला डबा घेऊन निघणारी आई एका शब्दात लिहून दाखवा. मग यादीवर बोलू.