मदत हवी आहे: ‘वाइल्ड ऑलिम्पिक्स’ विधेयक आणि सायकल

मंडळी, सिएटलकडचं कुणी आहे का इथे? वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक नॅशनल फॉरेस्टमधली (तिथलं सरकारी जंगल) सुमारे १,२६,५०० एकर जमीन ‘विल्डरनेस’ (म्हणजे रस्ते-बांधकाम न करता जशीच्या तशी ठेवलेली रानजमीन) म्हणून राखायची आणि १९ नद्यांना कायद्याचं कवच द्यायचं, हे विधेयक २०१२ मध्ये पहिल्यांदा मांडलं गेलं. त्यानंतर नुसतं भिजत घोंगडं! माझा पाठिंबाच आहे. तिथल्या डकाबुश नदीच्या काठावरची ती शेवाळाने मढलेली मेपलची झाडं बघितली की वाद घालायची इच्छाच उरत नाही.

पण आमच्या ट्रेक ग्रुपमधले दोघे सायकलवाले अडून बसलेत. १९६४च्या विल्डरनेस कायद्यात पायी किंवा घोड्यावरून जायला मुभा, मासेमारीही चालते, पण सायकलला बंदी. (घोडा चालतो आणि सायकल नाही, हे मलाही जरा चमत्कारिकच वाटतं.) प्रस्तावित हद्दीत नेमक्या कोणत्या पायवाटा येतात, ते दाखवणारा नीट नकाशा कुठे मिळेल?

आणि एक. मी अजून ग्रीन कार्डवर आहे, मत देता येत नाही. आपल्या भागाच्या खासदाराच्या ऑफिसला पत्र लिहिलं तर ते दखल घेतात का? कुणी लिहिलं असेल तर मजकूर कसा ठेवलात, तेही सांगा प्लीज.