आप्पांची 1974 ची स्कूल बस: कापून फिरतं घर करावं, की आहे तशी जपावी?

होटगी रोड

नमस्कार मंडळी. आमचे आप्पा सोलापुरातल्या एका शाळेच्या बसवर ड्रायव्हर होते. गाडी 1974 ची टाटा, बोनेट पुढं आलेली, लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. यंत्रमाग कामगारांची पोरं याच गाडीतून शाळेला गेली. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला की पोरांना आकाशपाळणे दिसावेत म्हणून आप्पा गाडी मुद्दाम होम मैदानाच्या बाजूनं काढायचे. पुढं नवीन बस आल्या आणि ही शेडमागं उभी राहिली. आता आप्पा नाहीत. मागच्या महिन्यात शाळेनं ती भंगाराच्या भावात मला दिली.

माझ्या मनात तिचं फिरतं घर करायचंय. मागं पलंग, मधे ओटा, 300 लिटरची पाण्याची टाकी, टपावर सोलर, एक छोटा संडास. आप्पांनी जन्मभर दुसऱ्यांची पोरं फिरवली, पण आईला एकदाही समुद्र दाखवला नाही. तिला याच गाडीतून कोकणात न्यायचंय. घरात मात्र दोन तट पडलेत. तुमचं मत मोकळेपणानं सांगा.

जुनी चाकं

करू नका मालक, हात जोडून सांगतो. बोनेटवाली टाटा, तीही लाकडी सांगाड्याची, आता बघायला तरी कुठं मिळते? बहुतेक भंगारात गेल्या. पलंगासाठी सीट काढाल, संडासासाठी खांब कापाल, सोलरसाठी टपाला भोकं पाडाल, आणि हातात उरेल पत्र्याची खोली. तसली खोली नव्या गाडीतही होते. ही गाडी परत होणार नाही.

रंग खरवडून बघा. तुमची गाडी 74 ची असेल तर पिवळा रंग बहुधा नंतरचा, खाली मूळ रंग सापडेल. तो बाहेर काढा, सीट शिवून घ्या, इंजिन चालू करा. आप्पांची आठवण जपायची तर त्यांनी चालवली तशीच गाडी राहिली पाहिजे.

अक्कलकोट रोड एमआयडीसी

मी बॉडीचं काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. गाडी उभी ठेवून जपली जात नाही, उभी गाडीच आधी सडते. लाकडी सांगाडा आतून पोकळ झालेला असतो आणि वरून पत्रा चकचकीत दिसतो. जपायची म्हटली तरी निम्मं लाकूड बदलावं लागणार. मग रोज वापरात राहील असं काहीतरी का करू नये?

वजनाची भीती घालणारे भेटतील. हिशोब साधा आहे. चाळीस पोरं, सरासरी 35 किलो धरा, 1,400 किलो होतात. तुमचं 300 लिटर पाणी म्हणजे 300 किलो. ओटा, पलंग, बॅटऱ्या सगळं धरलं तरी चेसिसला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, जड नाही. खरी अडचण वजन कुठं बसतं याची. पोरं दोन्ही बाजूंना सारखी बसायची. टाकी आणि ओटा एकाच बाजूला टाकला तर त्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे बसतील आणि वळणावर गाडी ओढेल. टाकी चेसिसच्या दोन दांड्यांच्या मधे, खाली घ्या. आणि टाकीत आडव्या पट्ट्या घाला, नाहीतर ब्रेक मारल्यावर पाणी पुढं धावतं.

सात रस्ता

लाकूड, पत्रा, पाटे सगळं नंतर. आधी कागद बघा.

मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. दंड प्रत्येक बदलाला 5,000 रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कॅराव्हॅनसाठी, म्हणजे फिरत्या घरासाठी, एआयएस 124 हे वेगळं मानक आहे, त्यानुसार मंजुरी घ्यावी लागते. त्यात ट्रान्सपोर्ट गाडीला (स्कूल बस त्यातच येते) फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचं प्रमाणपत्र, नसेल तर कलम 56 प्रमाणे ती वैध नोंदणीची धरलीच जात नाही. तुमच्या गाडीचा फिटनेस शेवटचा कधी झाला?

'जुनी चाकं' यांनाही एक सांगतो. 2021 चे व्हिंटेज, म्हणजे जुन्या जपलेल्या गाड्यांचे, नियम 50 वर्षांवरच्या गाड्यांना आहेत, पण खाजगी वापराच्या आणि मूळ रूपातल्या. स्कूल बस वापरानंच बाहेर पडते, आणि घर केलंत तर रूपानंही. म्हणजे दोन्ही दारं बंद. मला वाईट वाटतं, पण उद्या घाटात अपघात झाला आणि विमा कंपनीनं नोंद नसलेल्या बदलावर बोट ठेवलं, तर आईला घेऊन निघालेला माणूस काय करणार?

उजनीकाठ

मी स्वतः एका व्हॅनचं घर करून घेतलंय, म्हणून अनुभवाचं बोलतो. कल्पना सुंदर आहे. भिगवणला पहाटे दार उघडून फ्लेमिंगो बघितलेत, ते सुख शब्दात येत नाही. पण जुन्या गाडीत घर करू नका, नव्या चेसिसवर करा.

सोलापूरचा मे आठवा. पारा 43 वर, डोक्यावर ॲल्युमिनियमचा टप. माझ्या कारागिरानं टपाखाली नुसतं थर्माकोल चिकटवलं आणि वर प्लाय मारला. मला काय कळतंय, मी पैसे दिले. पहिल्याच उन्हाळ्यात थर्माकोल सुटून खाली आलं, आणि रात्री अकरा वाजता प्लायला हात लावला तर तवा. सगळं उचकटून परत केलं.

एसीचंही बोलतो. 12 व्होल्ट 200 एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट. एक टनाचा एसी तासाला युनिटभर खातो. दोन-अडीच तासांत बॅटरी संपली, मग रात्रभर काय? आणि गॅसचा सिलिंडर आत ठेवणार असाल तर जमिनीलगत जाळी ठेवाच. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. खिडकी उघडी असून उपयोग नाही.

चाटी गल्ली

सगळे गाडीचं बोलताहेत. आईंना कुणी विचारलं का?

माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या. बसची पहिली पायरी दीड फूट उंच, ती त्यांना चढवत नाही. रात्री दोनदा उठावं लागतं. हलत्या गाडीतला, गुडघ्याला टेकणारा संडास त्या वापरतील का? आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही. तीनशे लिटर भरून निघायचं म्हणजे घरच्या पिंपातलं काढून द्यायचं, आणि संडासाची टाकी रिकामी कुठं करायची? रस्त्याकडेला ओतणार नाही ना? दादा, तुमची तळमळ कळते. पण आईंना समुद्र बघायचाय की तुम्हाला आप्पांची गाडी चालवायचीय, हे आधी स्वतःशी ठरवा. समुद्र रेल्वेनं आणि चांगल्या लॉजवर राहूनही दिसतो.

होटगी रोड

चाटी गल्लीताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. सकाळी आईला विचारलं. ती म्हणाली, "समुद्र दाखव कसाही. पण मला एकदा त्या गाडीत बसव, तुझ्या बापाच्या मागच्या सीटवर."

ती सीट मी काल बघितली. रेक्झिन फाटलंय, आत काथ्या दिसतो. पाठीवर कुणा पोरानं कर्कटकानं कोरलंय: '5 वी ब'. पलंगासाठी मी पहिली तीच काढणार होतो.

फिटनेस संपून वीस वर्षं झाली. आरसी बुक शाळेच्या कपाटात आहे म्हणतात, अजून हातात नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसी

मग कापायची घाई करू नका. मत मी बदलत नाही, वापरात राहील तीच गाडी टिकेल. पण तुमच्या आईंचं ऐकल्यावर ड्रायव्हरमागच्या दोन ओळी सोडून बाकीचं बघू. आधी आरसी काढा. तोवर पेचकस घेऊन खाली शिरा, चाकांवरच्या आडव्या लाकडात टोचा. पाव इंचापेक्षा आत गेला की ते लाकूड गेलेलं. किती ठिकाणी गेलं ते खडूनं खुणा करून मला कळवा.

जुनी चाकं

दोन ओळी ठेवून बाकी कापणं म्हणजे कापणंच, माझा विरोध कायम. पण पेचकस घेऊन मीही येतो. रविवारी सकाळी आठला, ऊन चढायच्या आत. आईंनाही आणा. गाडी सुरू झाली नाही तरी सीटवर बसता येईल. पायरीपाशी ठेवायला लाकडी पाट मी घेऊन येतो.