मदत हवी आहे: खो-खो सुटला, वय 26, आता बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) की दुसरंच काही?

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातली आहे. पाचवीपासून खो-खो, पुढे विद्यापीठाच्या संघात दोन वर्षं. बी.ए. भूगोल, 51 टक्के. (परीक्षा आणि स्पर्धा नेमक्या एकाच आठवड्यात यायच्या, खेळणाऱ्यांना माहीत आहे.) तीन वर्षांपूर्वी खांबाला वळसा घालताना डावा गुडघा गेला. एसीएलचं (गुडघ्यातल्या लिगामेंटचं) ऑपरेशन झालं. चालते, जिने चढते, सरळ रेषेत सावकाश पळतेही. पण झटक्यात दिशा बदलायची म्हटली की पाय ऐकत नाही. आणि खो-खोत दुसरं आहे काय?

सध्या मेडिकलमध्ये बिलं करते. परवा एक आजी नी-कॅप घ्यायला आल्या, मी त्यांना पंधरा मिनिटं व्यायाम समजावत बसले. मालक रागावले, आजी मात्र दुसऱ्या दिवशी मलाच शोधत आल्या. तेव्हापासून डोक्यात आहे की शिकवायचंच काम करावं.

घरचे म्हणतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, भरती दे. पण पोलीस भरतीत मुलींनाही 800 आणि 100 मीटर पळावं लागतं, वेळेवर गुण. बी.पी.एड.ला दोन वर्षं जातील, आणि तिथल्या सीईटीतही मैदानी चाचणी आहेच! एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) प्रशिक्षकांसाठीचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स झेपेल, पण तेवढ्यावर शाळा किंवा अकादमी दारात उभं करते का?

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कोणी बी.पी.एड.ची मैदानी चाचणी दिली आहे का? कशी गेली? सहा आठवड्यांच्या कोर्सवर खरंच काम मिळालेलं कोणी असेल तर पगारासकट सांगा. खेळ पूर्ण सोडून भलत्याच क्षेत्रात गेलेल्यांनीही लिहा, मुलाखतीत इतक्या वर्षांबद्दल काय सांगितलंत? माझा बायोडेटा सायबर कॅफेवाल्या दादाने टाइप केला, त्याने सगळा खो-खो 'छंद' या रकान्यात टाकला. मी तिथेच बसले होते, काही बोलले नाही.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत आपल्या मुला-मुलींनी खो-खोचा विश्वचषक जिंकला, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. गल्लीतले पेढे घेऊन माझ्याकडे आले आणि विचारलं, "तू का नाही गेलीस गं?"

पुण्या-कोल्हापूरला राहायची तयारी आहे. फी 40 हजारांच्या आत हवी. 'जिद्द ठेव, सगळं होईल' एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या, ते प्रशिक्षकांकडून भरपूर ऐकलंय.